मळ्यातल्या कुत्र्यासाठी थंडीतले उबदार घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, धुळे, जळगाव, अहिल्यानगर या पट्ट्यात आणि विदर्भात शेतावर, मळ्यावर किंवा बंगल्याच्या अंगणात रात्रभर बाहेर राहणाऱ्या कुत्र्यांचा विचार करून ही उत्तरे लिहिली आहेत. घराच्या आत झोपणाऱ्या कुत्र्याला यातले फारसे काही लागणार नाही.

आपल्याकडे एवढी थंडी पडते का, की कुत्र्यासाठी वेगळे घर बांधावे?

पडते. निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सात अंशांपर्यंत, काही वर्षी त्याच्याही बराच खाली उतरतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सियस नोंदवले गेले होते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी तर जवळपास दर हिवाळ्यात येते. मात्र आपल्या थंडीचे खरे वैशिष्ट्य निव्वळ आकड्यात नसून दिवस आणि रात्र यांतल्या फरकात आहे. पहाटे सात अंश असलेल्या मळ्यात दुपारी पारा पंचवीसच्या पुढे जातो, त्यामुळे कुत्र्याच्या अंगावर थंड प्रदेशातल्या कुत्र्यांसारखी दाट केसांची दुलई चढत नाही. त्यात द्राक्षबागेला किंवा गव्हाला नुकतेच पाणी दिलेले असेल, तर जमिनीलगतची हवा आणखी दमट होते आणि कुत्रा झोपतो तो नेमका जमिनीलगत. म्हणून परदेशी नकाशे जसेच्या तसे उतरवण्यात अर्थ नाही. आपल्याला असे घर हवे, की जे पहाटे ऊब धरील, दुपारी तापणार नाही आणि पुढचा पावसाळाही कोरडेपणाने काढील.

घरात ऊब नेमकी कशामुळे येते?

कुत्र्याच्या स्वतःच्या शरीरामुळे. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असते. माणसापेक्षा थोडे अधिकच. बंद, कोरड्या आणि आटोपशीर जागेत हीच शेगडी रात्रभर पुरते. घर बांधणाऱ्याचे काम एवढेच, की ही ऊब तीन वाटांनी निसटू द्यायची नाही. त्या वाटा म्हणजे खालची थंड जमीन, समोरून घुसणारा वारा आणि ओल. यांपैकी ओल सर्वांत वाईट, कारण भिजलेले अंथरूण आणि भिजलेले केस ऊब धरण्याऐवजी ती ओढून घेतात. साध्या फळ्यांचे कोरडे घर हे महागड्या पण गळक्या घरापेक्षा केव्हाही चांगले.

घराचे माप किती असावे? मोठे घर बांधणे चांगले नाही का?

हौसेने मोठे घर बांधण्याची चूक सर्रास होते. माणसाला प्रशस्त जागा आवडते म्हणून कुत्र्यालाही तीच दिली जाते आणि मग त्या पोकळ जागेतली हवा कुत्र्याला एकट्याने तापवता येत नाही. कुत्र्याला आत उभे राहता यावे, एक पूर्ण गिरकी घेता यावी आणि अंग वेटोळून किंवा पाय लांबवून झोपता यावे, एवढीच जागा पुरेशी असते. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत माप घ्यावे, त्यात साधारण पाव भाग मिळवला की आतली लांबी मिळते. कुत्रा उभा असताना डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत जी उंची भरेल, तिच्यात दोन-तीन इंच मिळवले की आतली उंची मिळते. अंथरुणाच्या जाडीसाठी आणखी तीन-चार इंच धरावेत.

पंधरा ते वीस किलोच्या आपल्या गावठी कुत्र्यासाठी आतून ३ फूट लांब, २ फूट रुंद आणि सव्वादोन ते अडीच फूट उंच घर चांगले बसते. जर्मन शेफर्ड किंवा लॅब्राडोर असेल, तर लांबी चार फुटांपर्यंत न्यावी लागते. पिल्लू वाढते आहे म्हणून आत्ताच मोठ्या मापाचे घर बांधणार असाल, तर पहिल्या हिवाळ्यापुरती आत एक फळी आडवी लावून जागा कमी करावी आणि पुढच्या वर्षी ती काढून टाकावी. दोन कुत्री एकत्र झोपत असतील, तर एका कुत्र्याच्या मापाच्या दुप्पट जागा लागत नाही, दीडपट पुरते. पण ती खरोखर एकत्र झोपतात का, हे आधी पाहावे.

भिंती कशाच्या कराव्यात?

लाकूड किंवा प्लायवूड हा सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे. बाहेरून १२ मि.मी.चा पाण्यात न उकलणारा प्लाय घ्यावा. दुकानात तो ‘मरीन’ किंवा ‘बीडब्ल्यूपी’ या नावाने मिळतो आणि त्यावर आयएस ७१० हा मानक क्रमांक छापलेला असतो. स्वस्त कमर्शियल प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगतो. आतून ६ मि.मी.चा प्लाय लावावा आणि दोन्हींच्या मध्ये एक इंच जाडीची थर्माकोलची शीट बसवावी. थर्माकोलमधून उष्णता लाकडाच्या तुलनेत तीन ते चार पट सावकाश जाते, म्हणून एका इंचाने पडणारा फरक हाताला जाणवण्याइतका असतो. हाच थर दुपारचे ऊनही बाहेर ठेवतो.

थर्माकोल कुठूनही उघडा राहता कामा नये, कारण कुत्रा तो कुरतडतो आणि पोटात गेलेले तुकडे आतड्यात अडकू शकतात. उंदीरही त्यात बिळे करतात, म्हणून दोन प्लायमधल्या कडा लाकडी पट्ट्यांनी पूर्ण बंद कराव्यात. जुन्या लाकडी पॅलेट मिळत असतील (सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे त्या मिळतात), तर सांगाडा त्यांचाच करावा. मात्र ज्यांच्यावर रसायन सांडल्याचे डाग किंवा वास आहे, त्या नाकाराव्यात. स्क्रू आणि खिळे यांची टोके आत आलेली नाहीत ना, हे बोट फिरवून तपासावे.

रंग द्यायचा तर तो बाहेरूनच. वाळवीसाठी लाकडाला जळके ऑईल फासण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ते कुत्र्याने चाटले तर विषारी ठरते, म्हणून त्याचा वापर करायचाच असेल तर फक्त जमिनीत किंवा जमिनीला टेकणाऱ्या पायांपुरता करावा आणि ते पाय पूर्ण सुकल्यावरच घर वर चढवावे.

तळ जमिनीवर टेकवला तर काय बिघडते?

कुत्र्याची सर्वांत जास्त ऊब खालून जाते, कारण झोपल्यावर त्याचे अंग तळाला दाबलेले असते. शहाबादी फरशी, कोबा आणि सारवलेली जमीन या तिन्ही पहाटे सारख्याच गार लागतात. म्हणून तळ जमिनीपासून चार ते सहा इंच वर हवा. चार कोपऱ्यांत विटा, किंवा टोमॅटो-द्राक्षांचे मजबूत क्रेट पालथे घालून त्यांवर चौकट ठेवली, तरी काम भागते. मात्र ही उंची एकदा मिळाली की खालून वारा वाहू लागतो, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. त्यामुळे तळालाही भिंतीसारखाच दुहेरी प्लाय आणि मध्ये थर्माकोल हवा आणि थंडीच्या तीन महिन्यांत वाऱ्याच्या बाजूची पोकळी पेंढा भरलेल्या गोण्यांनी किंवा मातीच्या भरीने बंद करावी. शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा तळाच्या खालच्या बाजूला ठोकला, तर जमिनीची ओल वर चढत नाही.

छप्पर कसे असावे?

एका बाजूला उतार असलेले, साधे आणि बिजागरीवर उघडणारे. आतून सफाई करता आली नाही, तर कोणतेही घर महिन्याभरात पिसवांचे माहेरघर होते, म्हणून उघडणारे छप्पर ही चैन समजू नये. उतार मागच्या बाजूला द्यावा, म्हणजे पाणी दारात पडत नाही. समोर किमान सहा इंचांची पडवी बाहेर काढावी. प्लायवर पत्रा ठोकायला हरकत नाही, परंतु नुसता पत्रा छप्पर म्हणून वापरू नये. पहाटे त्याच्या आतल्या बाजूला कुत्र्याच्या श्वासातली वाफ थिजते आणि तेच पाणी थेंबाथेंबाने अंथरुणावर गळते.

दार कोणत्या दिशेला ठेवावे?

उत्तर महाराष्ट्रात हिवाळी वारा बहुतांशी उत्तर आणि ईशान्येकडून येतो, तर पावसाळ्यात सरी नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात. या दोन्हींना चुकवायचे, तर दार आग्नेयेला ठेवणे सोयीचे पडते आणि सकाळचे कोवळे ऊनही थेट आत जाते. मात्र शेजारी उसाचे शेत, विहिरीचा कठडा किंवा गोठ्याची भिंत असेल, तर वारा वळसा घालून येतो. म्हणून घर पक्के करण्याआधी एखाद्या पहाटे त्या जागी उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहावे.

दाराची उंची कुत्र्याच्या पूर्ण उंचीएवढी ठेवण्याची गरज नसते, कारण कुत्रे मान खाली घालून सहज आत जाते. मध्यम कुत्र्याला १२ इंच रुंद आणि १७-१८ इंच उंच दार पुरते. ते भिंतीच्या मधोमध न ठेवता एका कडेला ठेवावे, म्हणजे दुसऱ्या बाजूचा कोपरा वाऱ्याच्या आड येतो आणि कुत्रा आपोआप तिथेच झोपतो. उंबरा तळापासून चार-पाच इंच वर असावा, नाहीतर अंथरूण रोज सकाळी बाहेर पसरलेले दिसेल. दारावर जाड गोणपाटाचा किंवा रबरी पट्ट्यांचा पडदा सोडता येतो. तो उभ्या पट्ट्यांत कापलेला असावा, कारण एकसंध पडद्याला अनेक कुत्री बिचकतात.

सगळे बंद केल्यावर कुत्रा गुदमरणार नाही का?

दार उघडेच असल्यामुळे गुदमरण्याचा धोका नाही, पण दमटपणाचा आहे. रात्रभरच्या श्वासातून बरीच वाफ बाहेर पडते आणि तिला वाट नसेल तर सकाळी अंथरूण ओलसर लागते. म्हणून छपराच्या लगेच खाली, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, अर्ध्या-पाऊण इंचाची तीन-चार भोके पाडावीत आणि त्यांना बारीक जाळी लावावी. ही भोके झोपलेल्या कुत्र्याच्या अंगाच्या बरीच वर असल्याने वारा अंगाला लागत नाही. सकाळी आतल्या भिंतीवर हात फिरवल्यावर ओल लागली, तर भोके वाढवावीत.

आत अंथरायला काय घालावे? जुनी गोधडी चालेल का?

गोधडी, चादर आणि जुने स्वेटर हे ओसरीवर झोपणाऱ्या कुत्र्यासाठी ठीक आहेत. बाहेरच्या घरात मात्र कापड दव आणि अंगाची ओल शोषून घेते आणि पहाटेपर्यंत थंडगार होते. त्यापेक्षा गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा कितीतरी चांगला. काडाच्या पोकळ नळ्यांत हवा अडकते, ओल खाली झिरपते आणि कुत्र्याला त्यात खड्डा करून स्वतःला गाडून घेता येते. सहा इंचांचा सैल थर घालावा. तो दाबून बसला की वरून नवा पेंढा टाकण्याऐवजी जुना काढून बदलावा. गव्हाची काढणी फाल्गुनात-चैत्रात होते, तेव्हाच दोन गठ्ठे कोरड्या जागी राखून ठेवले, तर ऐन थंडीत शोधाशोध करावी लागत नाही.

माळरानावरचे कुसळी गवत कधीही घालू नये. त्याची कुसळे कानात, नाकात आणि पायाच्या बोटांमध्ये शिरतात आणि आतल्या आत पुढे सरकत राहतात. मग ती काढायला भूल द्यावी लागते. सोयाबीनचे भुसकट टोचते, लाकडाचा बारीक भुसा नाकातोंडात जातो. औषध लावलेल्या बियाण्याच्या, खताच्या आणि कीटकनाशकांच्या गोण्या धुवूनही वापरू नयेत.

पेंढ्यात गोचीड आणि पिसवा होतात, ही तक्रार खरी आहे. दर पंधरा दिवसांनी अंथरूण बदलणे, जुने लांब नेऊन टाकणे आणि रिकामे घर छप्पर उघडून दिवसभर उन्हात तापू देणे, हा त्यावरचा उपाय. जनावरांवर फवारायचे गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्यावर किंवा त्याच्या घरात मारू नये. प्रमाण आणि औषध दोन्ही पशुवैद्यकांना विचारूनच ठरवावे.

आत बल्ब किंवा शेगडी ठेवली तर?

शेगडी, निखाऱ्यांचे घमेले किंवा शेकोटीतला ओंडका आत ठेवणे जिवावर बेतू शकते. कोळशाच्या धुमसण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि लहान बंदिस्त जागेत तो झपाट्याने साठतो. पेंढ्याला आग लागण्याचा धोका तर उघडच आहे. जुन्या पद्धतीचा पिवळा बल्बही पेंढा पेटवण्याइतका तापतो आणि कंटाळलेला कुत्रा वायर चावतो. त्याशिवाय शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच असते, त्यामुळे ऐन पहाटे ती असेलच असे नाही. फारच थंडी असलेल्या रात्री किंवा म्हाताऱ्या कुत्र्यासाठी गरम (उकळते नव्हे) पाणी भरलेली घट्ट बुचाची बाटली जाड गोणपाटात गुंडाळून पेंढ्याखाली ठेवता येते. ती चावून फोडणाऱ्या कुत्र्यासाठी हा उपाय नाही.

सुतारकाम जमत नसेल तर स्वस्तातला पर्याय कोणता?

दोनशे लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम आडवा ठेवून फार चांगले घर होते. तो साधारण तीन फूट लांब आणि पावणेदोन-दोन फूट व्यासाचा असतो, म्हणजे मध्यम कुत्र्याच्या मापाचा. त्यात आधी खाण्याचा पदार्थ होता, रसायन नव्हते, याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी. तोंडाकडचा वरचा अर्धा भाग कापून खालचा उंबऱ्यासारखा ठेवावा, कापलेल्या कडेवर चिरलेला रबरी पाइप बसवावा, ड्रम गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटांची पाचर द्यावी आणि वरून पेंढा घालून ताडपत्री बांधावी. नुसत्या पत्र्याची पेटी किंवा सिमेंटची पाइप ही घरे मात्र दिसायलाच घरे असतात. लोखंडी पत्रा लाकडापेक्षा शेकडो पटींनी वेगाने उष्णता वाहून नेतो.

आमच्या भागात बिबट्या आहे. तिथे कुत्र्याला बाहेर ठेवावे का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. निफाड, सिन्नर, जुन्नर, संगमनेर, अकोले या ऊसपट्ट्यांत बिबट्या शेतातच राहतो, तिथेच पिल्ले घालतो आणि कुत्रा हे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचाच आढळला होता. अशा गावात उघड्या दाराचे घर कितीही उबदार असले, तरी ते बिबट्यासाठी वाढलेले ताट ठरते. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही.

शक्य असेल तर रात्री कुत्र्याला ओसरीच्या जाळीआड, पडवीत किंवा पक्क्या खोलीत घ्यावे. ते शक्य नसेल, तर वर सांगितलेले घर चारही बाजूंनी आणि वरूनही जाड वेल्डमेश जाळी असलेल्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे. पिंजऱ्याचा पाया कोब्यात रोवावा आणि कडी बाहेरून लागेल पण पंजाने उघडणार नाही अशी असावी. घर जाळीला चिकटवून ठेवू नये. जाळी आणि कुत्रा यांच्यामध्ये हातभर अंतर असावे, कारण पंजा जाळीतून आत येऊ शकतो. राखण व्हावी म्हणून कुत्रा मोकळा हवा, हे शेतकऱ्याचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण आतून भुंकणारा कुत्राही राखण करतोच.

घर बांधले, पण कुत्रा आत जातच नाही. काय करावे?

बहुतेक वेळा दोष जागेचा असतो. राखणीच्या कुत्र्याला मळ्याची वाट, फाटक आणि घराचे दार एकाच वेळी दिसावे लागते. गोठ्यामागच्या कोपऱ्यात ठेवलेले सुंदर घर तो नाकारतो आणि चुलीच्या गार होत आलेल्या राखेत जाऊन झोपतो. तो आधीपासून जिथे झोपत होता, तिथेच किंवा त्याच्या चार-पाच हातांच्या आत घर ठेवावे. आत त्याचे जुने पोते टाकावे, दोन-चार दिवस भाकरी दारातच आणि मग आत द्यावी, पडदा सुरुवातीला लावू नये. ढकलून आत घालणे किंवा शिक्षा म्हणून तिथे कोंडणे कटाक्षाने टाळावे.

सगळ्या कुत्र्यांना सारखीच थंडी वाजते का?

नाही. कारवान आणि मुधोळ ही आपल्याकडची शिकारी कुत्री अंगाने सडपातळ, कमी चरबीची आणि आखूड केसांची असल्यामुळे ती लवकर कुडकुडतात. कारवानमधला लांब केसांचा पश्मी थोडा अधिक काटक असतो, पण त्याच्यावरही फार विसंबू नये. स्पिट्झ किंवा जर्मन शेफर्डला दाट केसांमुळे आपली थंडी सहज निभते आणि त्यांना अडचण होते ती दुपारची. म्हातारी, सांधे धरलेली, आजारी आणि हडकुळी कुत्री यांना हिवाळ्यात आत घेणेच योग्य.

नवजात पिल्लांचा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या आठवड्यात त्यांना कुडकुडताही येत नाही आणि त्यांच्या आसपासचे तापमान २९ ते ३२ अंशांच्या दरम्यान राहावे लागते. त्यामुळे व्यायला झालेल्या कुत्रीची सोय बाहेरच्या घरात न करता बंद खोलीतच करावी.

थंडी बाधली आहे हे कसे ओळखावे?

अंग आखडून सतत थरथरणे, चालताना अडखळणे, खाण्याकडे पाठ फिरवणे आणि हाक मारल्यावर उशिरा प्रतिसाद देणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. थरथर थांबली पण कुत्रा मलूल पडला, तर त्याला बरे वाटू लागले असे समजू नये. शरीराची ताकद संपत आल्याचे ते लक्षण असते. गुदद्वारात घेतलेले तापमान ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल, तर त्याला कोरडे करून, कोरड्या घोंगडीत गुंडाळून लगेच पशुवैद्यकांकडे न्यावे. थेट आगीजवळ धरू नये, बधिर झालेली कातडी भाजली तरी कळत नाही.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात या घराचे काय करायचे?

संक्रांतीनंतर थंडी ओसरली की पडदा काढावा, होळीच्या सुमारास पेंढाही काढावा, छप्पर एका बाजूने विटेवर उचलून ठेवावे आणि घर लिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत हलवावे. एप्रिल-मे महिन्यांत कुत्रा दिवसा आत जाणार नाही आणि त्याने जाऊही नये. पावसाळ्याआधी पाय आणखी चार इंच उंच करावेत, सांधे तपासून सिलिकॉनने बुजवावेत आणि काळ्या मातीत घर असेल तर भोवती मुरूम टाकावा. पावसाळ्यात पेंढा बुरसतो, म्हणून तेव्हा पोत्यांचा रोज बदलता येणारा थरच बरा.

निवारा देणे कायद्याने बंधनकारक आहे का?

आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ११ नुसार मालकाने पाळीव प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा गुन्हा आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे यांचाही त्याच कलमात समावेश आहे.

बर्फ पडतो अशा देशात हेच घर चालेल का?

तत्त्व तेच राहते, मापे बदलतात. थर्माकोल दोन इंचांचा, दारावर पक्का पडदा आणि आत शिरल्यावर वळण घ्यावे लागेल अशी आडवी भिंत लागते. अमेरिकेत प्राण्यांच्या विक्रेत्यांना आणि संशोधन संस्थांना लागू असलेल्या केंद्रीय नियमांनुसार तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली गेल्यास बाहेरच्या निवाऱ्यात स्वच्छ, कोरडे अंथरूण आणि १.७ अंश किंवा त्याहून कमी झाल्यास जादा अंथरूण द्यावे लागते. हा किमान नियम आहे. भारतातून सोबत नेलेल्या, आखूड केसांच्या कुत्र्याला गोठणबिंदूखालच्या रात्री बाहेर ठेवू नये, मग घर कितीही चांगले बांधलेले असो.